इथॉक्सिक्विन : खाद्यातून ताटापर्यंत

डब्यातला चिवडा काही आठवड्यांनी खवट लागतो, कारण त्यातील तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो. याला ऑक्सिडीकरण म्हणतात. ज्या तेलाच्या रेणूंत दुहेरी बंध जास्त, ते लवकर खवट होते. माशाच्या तेलात असे बंध पुष्कळ असतात. त्यामुळे मासळी वाळवून आणि दळून केलेले फिशमील नुसते खवट होऊन थांबत नाही. ऑक्सिडीकरणातून उष्णता निघते आणि जहाजात साठवलेला माल आपोआप पेटूही शकतो.

म्हणून फिशमीलमध्ये इथॉक्सिक्विन हे कृत्रिम रसायन मिसळले जाते. ऑक्सिडीकरण साखळीसारखे चालते : एक मुक्त मूलक दुसरे तयार करते. इथॉक्सिक्विन आपला हायड्रोजन अणू मूलकाला देऊन ही साखळी तोडते.

कोळंबीच्या खाद्यात फिशमील असते. खाद्यातले थोडे इथॉक्सिक्विन कोळंबीच्या मांसात उतरते. २०१२ मध्ये जपानने भारतीय कोळंबीत ते शोधले आणि निर्यात अडचणीत आली. मर्यादा होती ०.०१ पीपीएम, म्हणजे १०० टन कोळंबीत फक्त १ ग्रॅम! कोळंबीसाठी वेगळी मर्यादा ठरलेली नव्हती, म्हणून जपानचा सर्वांसाठीचा हा सरसकट आकडा लागू झाला. तपासणीनंतर २०१४ मध्ये ०.२ पीपीएम, म्हणजे वीसपट मर्यादा ठरली. तोवर झळ बसली ती तळी राखणाऱ्या शेतकऱ्यांना. त्यांनी हे रसायन स्वतः टाकले नव्हते. ते विकत घेतलेल्या खाद्यातून आले होते.

मग हे रसायन निर्धोक समजावे का? तसेही नाही. सुरक्षिततेची पुरेशी माहिती नसल्याने आणि त्यातील पॅरा-फेनेटिडीन या अशुद्धीबद्दल शंका असल्याने युरोपीय संघाने २०१७ मध्ये पशुखाद्यातील त्याची परवानगी स्थगित केली.

आपल्या खाऊच्या पाकिटांवर याच कामाची दुसरी रसायने क्रमांकाने लिहिलेली असतात : ३१९ म्हणजे टीबीएचक्यू, ३२० म्हणजे बीएचए आणि ३२१ म्हणजे बीएचटी. क्रमांक दिसला की लगेच घाबरू नये आणि दुर्लक्षही करू नये. पदार्थ कोणता, प्रमाण किती आणि मर्यादा कशाच्या आधारावर ठरली, हे तीन प्रश्न विचारावेत. कोळंबीच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळायला दोन वर्षे लागली.