मळ्यातील चित्रशाळा

कलावंताला चरितार्थाच्या विवंचनेतून काही काळ मुक्त करून निवांत निवास द्यावा, ही कल्पना युरोपात जुनीच आहे. रोममधील व्हिला मेदिची या सोळाव्या शतकातील प्रासादात फ्रेंच अकादमी १८०३ मध्ये आली, ती याच हेतूने. आपल्याकडील एक उदाहरण निराळ्या वळणाचे आहे.

बंगळूरच्या बनशंकरीवरून कनकपुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर तातगुणीचा सुमारे ४६८ एकरांचा मळा लागतो. रशियन चित्रकार स्वेतोस्लाव्ह रोरिक व त्यांच्या पत्नी देविकाराणी येथे राहत. मालाडच्या ‘बॉम्बे टॉकीज’ची ही अभिनेत्री मराठी वाचकास अपरिचित नाही. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहातील नेहरूंचे चित्र रोरिक यांचेच. मळ्यात मूळच्या मेक्सिकोतील लिनालो वृक्षांची लागवड होती. त्यांच्या फळांच्या टरफलांतून सुगंधी तेल काढीत. आश्रयदात्याची जागा येथे शेतीने घेतली होती, असे म्हणता येईल.

परंतु संस्था माणसांच्या पश्चात टिकते; घराचे तसे नसते. १९९३ मध्ये रोरिक आणि १९९४ मध्ये देविकाराणी निवर्तल्या. अपत्य नव्हते. मळ्याचा काही भाग त्यांच्या हयातीतच आपण विकत घेतला, असा एका कंपनीचा दावा होता. तेव्हा वृक्ष, चित्रे व कलावस्तू जतन करून तेथे कलादालन आणि संग्रहालय उभारावे, या उद्देशाने कर्नाटकाने १९९६ च्या कायद्यान्वये मळा संपादन केला. सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला, तो २०११ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी.