टाकाऊ पदार्थ वाडीत घालण्यापूर्वी तपासून घ्या

कोकण किनाऱ्यावरील बागायतीत मासळीच्या खताचा वापर जुना आहे. वसई तालुक्यातील सांडोरसारख्या गावाला एका बाजूने समुद्र आणि दुसऱ्या बाजूने शहर व कारखाने जवळ. त्यामुळे मासळीच्या जोडीला शहरी कचऱ्याचे कंपोस्ट, लाकडाचा भुसा, राख असे पदार्थही स्वस्तात किंवा फुकट मिळू शकतात. फुकटची गाडी वाडीत रिकामी करण्यापूर्वी तिच्यात काय आहे हे माहीत हवे.

मासळीच्या खताचेच पाहा. त्यात नत्र साधारणपणे ४ ते १० टक्के असते. म्हणजे १०० किलोतून ४ किलो नत्र मिळेल की १० किलो, हे तपासल्याशिवाय कळत नाही. मासळी खारवलेली असेल तर मीठही येते. मिठाचे प्रमाण १० टक्के धरले, तर केळीच्या एका खुंटाला घातलेल्या २ किलो खताबरोबर २०० ग्रॅम मीठ मुळांशी जाते. केळीला खारेपणा सोसत नाही. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होत असेल, तर वरून आणखी मीठ घालणे परवडणारे नाही. पावसाने मीठ निचरून जाते हे खरे, परंतु रेताड जमिनीत ते खाली विहिरीच्या पाण्यातच उतरते. म्हणून अशा खताचा ढीग विहिरीजवळ करू नये.

जड धातूंचे तसे नाही. शिसे, कॅडमियम एकदा जमिनीत गेले की पावसाने धुऊन जात नाहीत. पालक, माठ यांसारख्या पालेभाज्या कॅडमियम सहज शोषून घेतात. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टमध्ये दर किलोस शिसे १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५ मिलिग्रॅम आणि पारा ०.१५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा. विद्युत वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत आणि कर्ब-नत्र गुणोत्तर २० पेक्षा कमी असावे. कच्च्या भुशाचे हे गुणोत्तर शेकड्यात असते. तो कुजताना जमिनीतील नत्र जिवाणू वापरतात व पीक पिवळे पडते. राखेने सामू वाढतो.

कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रियेतील रासायनिक गाळ मात्र २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येतो. त्याच्या तपासणीच्या भरीस न पडता गाडी परत पाठवावी.

नमुना ढिगाच्या वरून उचलू नये. आतून, मधून, तळातून अशा १०-१२ ठिकाणांहून थोडा थोडा माल प्लॅस्टिकच्या बादलीत घ्यावा. जस्ताचा मुलामा दिलेले घमेले वापरल्यास जस्ताचे आकडे चुकतात. माल चांगला मिसळून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकावेत आणि अर्धा किलो उरेपर्यंत असेच करावे. स्वच्छ पिशवीत भरून माल कोठला व केव्हा आला ते लिहावे. ओली मासळी त्याच दिवशी पाठवावी, नाहीतर नत्र उडून जाते. माल नव्या ठिकाणाहून आला की नमुनाही नवा.

सामू, विद्युत वाहकता, ओलावा, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद व पालाश एवढ्या कसोट्या तरी मागाव्यात. ओलावा विसरू नये. ७० टक्के पाणी असलेल्या एक टन मालात कोरडा पदार्थ ३०० किलोच असतो, आणि त्यात २ टक्के नत्र असले तरी हाती ६ किलो येते. जड धातूंची तपासणी प्रत्येक मृदा प्रयोगशाळेत होत नाही. ती कोठे होईल, हे कोसबाड येथील कृषी विज्ञान केंद्रात आधी विचारावे.

अहवाल येईपर्यंत एका कुंडीत नुसती माती, दुसरीत त्याच मातीत मुरलेला माल मिसळून मुगाचे दहा-दहा दाणे पेरावेत. दुसऱ्या कुंडीत उगवण कमी झाली किंवा रोपांची टोके करपली, तर तो माल अहवालाआधी वाडीत नेऊ नये. उगवण चांगली झाली तरी धातूंचा पत्ता मुगाला लागत नाही. त्यासाठी अहवालाचीच वाट पाहावी.