फिरकीचा प्रवासी

विलेपार्ल्याच्या एखाद्या मैदानावर सायंकाळी जावे, तर मनगट वळवून चेंडू फिरविण्याची खटपट करणारा एखादा तरी मुलगा दृष्टीस पडतोच. दहांपैकी सात चेंडू फलंदाजापर्यंत धड पोहोचत नाहीत, सवंगडी हसतात, तरी तो चेंडू पुन्हा हाती घेतो. या अवघड विद्येत मुंबईच्या ज्या खेळाडूने जगात नाव मिळविले आणि तिच्याच बळावर परदेशात पोट भरले, तो म्हणजे सुभाषचंद्र पंढरीनाथ गुप्ते.

सुभाष गुप्ते यांचा जन्म 11 डिसेंबर 1929 रोजी मुंबईत झाला. देहयष्टी किरकोळ, पण मनगट मात्र विलक्षण लवचीक! उजव्या हाताच्या फलंदाजापासून बाहेर वळणारा चेंडू हे त्यांचे मुख्य अस्त्र. तशाच हालचालीने टाकलेला, परंतु उलट आत शिरणारा चेंडू म्हणजे गुगली. ही गुगली त्यांच्यापाशी दोन प्रकारची होती, असे जाणकार सांगत. आलेला चेंडू कोणता हे ओळखेपर्यंत फलंदाजाचा पाय पुढे पडलेला असे.

1953 साली भारतीय संघ वेस्ट इंडीजला गेला. वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट हे तीन महान फलंदाज समोर असताना गुप्त्यांनी त्या कसोटी मालिकेत 27 बळी घेतले. त्रिनिदाद बेटावर त्यांचे विशेष कौतुक झाले. उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी 1845 पासून 1917 पर्यंत करारबद्ध होऊन गेलेल्या भारतीय मजुरांची नातवंडे तेथे मोठ्या संख्येने नांदत होती. आपल्या आजोबांच्या देशाचा हा गोलंदाज त्यांना घरचाच वाटला असल्यास नवल नाही. पुढे गुप्त्यांचा विवाहही याच बेटावरील तरुणीशी झाला.

त्या काळी कसोटी सामने खेळून भारतात संसार चालत नसे. उलट इंग्लंडच्या लँकेशायर प्रांतातील गिरणगावांत क्रिकेट हा चरितार्थाचा मार्ग होता. तेथील प्रत्येक क्लब आपल्या संघात एक नामवंत व्यावसायिक खेळाडू पगार देऊन ठेवी. बाकीचे दहा जण हौशी असत. कोणी गिरणीत कामाला, तर कोणी कचेरीत. सामना शनिवारी दुपारी सुरू होई आणि संध्याकाळी संपे. व्यावसायिकाने अर्धशतक काढले किंवा भरपूर बळी घेतले, की प्रेक्षकांत टोपी फिरे आणि तिच्यात पडलेली नाणी त्याला मिळत. मात्र तो अपयशी ठरला, तर आठवडाभर गावच्या बोलण्याला तोंड द्यावे लागे! त्रिनिदादचे लिअरी कॉन्स्टंटाइन 1929 पासून नेल्सन गावी असेच खेळले होते. अमरसिंग, लाला अमरनाथ आणि सांगलीचे विजय हजारे यांनीही ही वाट चोखाळली होती. ज्या गिरण्यांनी एके काळी वऱ्हाड-खानदेशचा कापूस नेला, त्यांच्याच छायेत मराठी खेळाडू भाकरी मिळवीत होता.

गुप्ते 1950 नंतरच्या दशकाच्या मध्यास काही वर्षे रिश्टन या छोट्या गावाच्या क्लबसाठी खेळले. ढगाळ हवा, ओली खेळपट्टी, हाताला गारठा. बोटे थिजली की फिरकी कशी द्यावी? तरीही ते टिकून राहिले. इकडे 1954-55 च्या हंगामात मुंबईकडून खेळताना त्यांनी एका डावातील दहाही बळी 78 धावांत टिपले. असा पराक्रम प्रथम दर्जाच्या सामन्यात करणारे ते पहिले भारतीय. डिसेंबर 1958 मध्ये कानपूरच्या कसोटीत वेस्ट इंडीजचे नऊ गडी त्यांनी 102 धावांत बाद केले. दहावा तेवढा वसंत रांजणे यांच्या वाट्याला गेला. भारत मात्र तो सामना हरला.

डिसेंबर 1961 मध्ये दिल्लीच्या कसोटीच्या वेळी, त्यांच्या खोलीत राहणाऱ्या सहकाऱ्याने हॉटेलातील एका कर्मचारी स्त्रीला दूरध्वनीवरून अनुचित आमंत्रण दिल्याची तक्रार झाली. गुप्त्यांनी दूरध्वनी केलेलाच नव्हता. तरीही मंडळाने दोघांनाही दूर केले. 36 कसोटींत 149 बळी घेतलेला हा गोलंदाज बत्तिसाव्या वर्षी भारतासाठी अखेरचा खेळून गेला. शिक्षा गुन्ह्यापेक्षा मोठी तर होतीच, शिवाय ती ज्याचा गुन्हा नव्हता त्यालाही झाली.

गुप्ते त्रिनिदादला गेले आणि तेथेच स्थायिक झाले. आपण पाहिलेला सर्वश्रेष्ठ लेगस्पिनर गुप्तेच, असे गारफील्ड सोबर्स पुढे सांगत. सन 2000 मध्ये भारतीय मंडळाने सी. के. नायडू यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांना दिला. तेव्हा दिल्लीच्या त्या प्रकरणाला जवळजवळ चाळीस वर्षे लोटली होती. 31 मे 2002 रोजी पोर्ट ऑफ स्पेन येथे त्यांचे निधन झाले. याच शहरातील मैदानावर 1953 साली वेस्ट इंडीजच्या फलंदाजांनी त्यांची फिरकी पाहिली होती.