आधी ‘मंजुघोषा’, मग बाकीच्या

प्रश्न : मी आणि माझ्या मैत्रिणी एका इंग्रजी लेखिकेच्या कादंबऱ्यांची मालिका वाचतो. राजपुत्र, शाप, जादूची राज्यं आणि त्यात फुलणारं प्रेम असं सगळं त्यात आहे. त्यातली सर्वांत चांगली कोणती, यावर आमचं कधीच एकमत होत नाही. मराठीत असं कुणी लिहिलं आहे का? तुम्ही त्यांचा क्रम कसा लावाल?
– एक वाचक, मानोरा (जि. वाशीम)

उत्तर : लिहिलं आहे, आणि मराठी कादंबरीच्या अगदी सुरुवातीलाच लिहिलं आहे. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालची, विधवांच्या हालअपेष्टांवरची. तिच्यानंतर चारच वर्षांनी, १८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली आणि वाचक अद्भुताच्या वाटेने गेला. मग हळब्यांचीच ‘रत्नप्रभा’ (१८६६), नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) आणि ‘विश्वासराव’ (१८७०). पुष्कळ पुढे, १९१३ मध्ये, नाथमाधवांची ‘वीरधवल’. या पाचांचा क्रम लावायला मला आवडेल.

पण त्याआधी कसोटी ठरवू. तुमचं एकमत होत नाही ते बहुधा यामुळेच की एकीला नायक आवडतो, दुसरीला शेवट, तिसरीला जादू, आणि कशासाठी गुण द्यायचे हे कुणीच बोलत नाही. माझी कसोटी अशी : गोष्टीतलं अद्भुत काढून टाकलं तर प्रेम जसंच्या तसं उभं राहतं का? राहत असेल तर ते अद्भुत नुसती सजावट आहे. ज्या गोष्टीत चमत्कारावाचून ती दोघं एकमेकांना भेटलीच नसती, ती गोष्ट वरची.

या कसोटीवर ‘मंजुघोषा’ पहिली येते. वसंतमाधव आणि मंजुघोषा यांची ही प्रेमकथा. तिच्यात नायकाला चक्क विमान मिळतं, आणि राईट बंधूंचं विमान उडायला तेव्हा पस्तीस वर्षं होती. त्या विमानाहूनही मोलाची आहे रिसबुडांची प्रस्तावना. आपल्याकडच्या लग्नाच्या रीतीमुळे आणि इतर कारणांमुळे आपल्या लोकांच्या आयुष्यात मन वेधून घेईल असं फारसं काही घडत नाही, रोजचंच लिहायचं तर त्यात रस कुठून आणायचा, म्हणून अद्भुताचा आधार घ्यावा लागतो, अशा आशयाचं त्यांनी तिथे लिहिलं आहे. हे वाचून मी हेलावलो. ज्या काळात मुलीचं लग्न आठव्या-नवव्या वर्षी लागत होतं, त्या काळात प्रेमकथा लिहायची तरी कुणाची? वयात येऊन, एकमेकांना पाहून, मन जडवून लग्न करणारी माणसं लेखकाच्या आसपास जवळजवळ नव्हतीच. या कादंबरीनंतर तेवीस वर्षांनी, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा आला, त्यानेही शरीरसंबंधाच्या संमतीचं वय दहावरून बारावरच नेलं, आणि तेवढ्यावरून महाराष्ट्र पेटला. म्हणून मराठीतल्या पहिल्या प्रेमिकांना विमानात बसावं लागलं. जमिनीवर त्यांना जागाच नव्हती. आजचे समीक्षक या कादंबऱ्यांना भाबड्या म्हणून बाजूला सारतात तेव्हा मला वाईट वाटतं ते याचसाठी.

दुसरी ‘वीरधवल’. नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधवराव पितळे (१८८२–१९२८). शिकारीच्या वेळी सिंहगडाच्या कड्यावरून ते पडले आणि कमरेखालचं शरीर लुळं झालं. त्यानंतर हा माणूस कादंबरीकार झाला. एका जागी खिळलेल्या लेखकाने इतकी धावपळीची, साहसांची गोष्ट लिहावी याचं मला अजून नवल वाटतं. तोवर हरिभाऊ आपट्यांनी घराघरातलं वास्तव कादंबरीत आणलं होतं, वाचक सरावला होता, तरीही ‘वीरधवल’ लोकांनी उचलून धरली. तिची भाषा आपल्याला जवळची वाटते. सुरुवात हिच्यापासून केलीत तरी चालेल. एकाच लेखकाची सलग मालिका हवी असेल, तर नाथमाधवांच्याच शिवकाळावरच्या ‘स्वराज्य’ कादंबऱ्या आहेत. त्यांत जादू मात्र नाही.

‘मुक्तामाला’ तिसरी. या प्रकारात मान पहिलेपणाचा, पण मुक्तामाला आणि धनशंकर हे आधीच नवरा-बायको. दुष्टांची कारस्थानं, ताटातूट आणि सद्गुणांचा विजय यांत प्रेमाला काही सिद्ध करायला फारसं उरत नाही. ‘रत्नप्रभा’ आणि ‘विश्वासराव’ त्या-त्या लेखकाचं पहिलं पुस्तक आवडलं तरच घ्या.

आता तुमच्या जिल्ह्याकडे येतो, कारण हा प्रश्न मानोऱ्याहून आला याचा मला विशेष आनंद झाला. वाशीम म्हणजे वाकाटक राजघराण्याचं वत्सगुल्म. तिथल्या शाखेचा संस्थापक राजा सर्वसेन याने चौथ्या शतकात महाराष्ट्री प्राकृतात ‘हरिविजय’ हे काव्य रचलं. विषय कोणता? सत्यभामेसाठी कृष्णाने स्वर्गातून पारिजातक आणला, तो. रुसलेल्या बायकोसाठी थेट इंद्राशी भांडण! पूर्ण काव्य आज हाती नाही. काव्यशास्त्राच्या ग्रंथकारांनी उदाहरणादाखल घेतलेल्या गाथा तेवढ्या उरल्या. ते सापडलं असतं तर माझा वरचा क्रम कदाचित बदलला असता. पुढे दहाव्या शतकाच्या आसपास राजशेखराने ‘काव्यमीमांसा’त एक कल्पित कथा सांगितली : रुसून निघालेल्या काव्यपुरुषामागे साहित्यविद्या देशोदेशी फिरते, प्रत्येक प्रदेशात नवा वेष, नवी रीत धारण करते, आणि शेवटी त्यांचं गांधर्व लग्न लागतं ते विदर्भात, वत्सगुल्मात. साहित्याच्या लग्नाचं गाव तुमच्यापासून तासा-दोन तासांवर आहे.

आणि बंजारा समाजाचं तीर्थक्षेत्र पोहरादेवी तर तुमच्याच तालुक्यात. त्या समाजाची मुळं राजस्थानाकडे सांगितली जातात, आणि तिकडची ढोला-मारूची कथा रिसबुडांच्या अडचणीला फार सुंदर उत्तर देते. लग्न बालपणीच लागलेलं, नवरा विसरलेला, त्याचं दुसरं लग्नही झालेलं. मारू मोठी होऊन गाणाऱ्यांकरवी निरोप धाडते आणि ढोला उंटावरून निघतो. वाटेत सर्पदंश आहे, योग्याने केलेला चमत्कार आहे. बालविवाह टाळता येत नाही म्हणून लोककथेने प्रेम लग्नानंतर सुरू केलं, आणि पुढाकार बाईला दिला. आसपासच्या तांड्यांवरच्या वयस्क बायकांना ही कथा येते का, कशी येते, हे विचारून लिहून काढा. ‘मंजुघोषा’ मात्र दुकानात शोधू नका. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या ग्रंथालयांत चौकशी करा. आणि मैत्रिणींना माझी कसोटी पटली नाही, तर त्यांची कोणती ते कळवा.