मांगरातली गांधील आणि तिची सोसायटी



मागील तोडणीच्या वेळी सावंतवाडी गटातील एका सभासदाच्या मांगरात वाशाला गांधीलमाशीचे पोळे निघाले. टोळीतल्या एका बाईला दोन माश्या डसल्या, टोळी काम सोडून बसली. संध्याकाळी सभासदाने चूड पेटवून पोळे जाळले. मी तिथे उभा होतो, अडविले नाही. मलाही त्यात गैर वाटले नव्हते. नंतर या माशीविषयी वाचले आणि पोळे विनाकारण गेले असे वाटू लागले, म्हणून हा लेख.

आपल्याकडे वाशाला, कौलाखाली, झुडपात उघडे, कागदासारखे, एका देठावर लोंबणारे छोटे पोळे दिसते, ते बहुधा रोपॅलिडिया मार्जिनाटा या तपकिरी गांधीलमाशीचे असते. लाकडाचा, गवताचा भुसा चघळून, त्यात लाळ मिसळून ती हा कागद बनविते. मध साठवीत नाही. अळ्या, कोळी मारून आणते आणि चावून आपल्या पिल्लांना भरविते. आपल्या बांधावर पोळे असेल तर ही शिकार आपल्याच रानातली असते.

या माशीचा अभ्यास आपल्या देशातच झाला, आणि त्याची सुरुवात मराठी माणसांनी केली. माधव गाडगीळ आणि महाबळ यांनी १९७४ साली तिच्यावर एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. गाडगीळ म्हणजे तेच, ज्यांच्या २०११ च्या पश्चिम घाट अहवालावरून आपल्या जिल्ह्यात वादावादी झाली. त्यांचे वडील धनंजयराव गाडगीळ हे प्रवरेच्या पहिल्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष. बापाने शेतकऱ्यांचा सहकार उभा केला, मुलाने माशीचा पाहिला, योगायोग म्हणा. पुढे बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी चाळीसेक वर्षे हेच काम केले. पोळ्यातल्या प्रत्येक माशीला रंगाचे ठिपके लावायचे आणि कोण काय करते ते तासन्‌तास टिपायचे, अशी त्यांची पद्धत.

गदगकर आणि त्यांचे सहकारी जोशी यांना १९८३ मध्ये तीन प्रकारच्या माश्या दिसल्या. बसणाऱ्या, भांडणाऱ्या आणि बाहेरून आणणाऱ्या. (आपल्या वार्षिक सभेत कोण कुठे बसेल, ते ज्याचे त्याने ठरवावे.) अंडी घालणारी राणी कोणत्या गटात असेल? तुम्ही म्हणाल, भांडणाऱ्यांत. तिच्याच जातीतल्या दुसऱ्या एका माशीत तसे आहेही. पण या माशीची राणी बसणाऱ्यांत मोडते. दिसायला इतरांसारखीच, कोणाला मारीत नाही, हुकूम सोडीत नाही. पोट पोळ्यावर घासून ती एक वास लावते, आणि राणी हजर आहे हे त्यावरून सर्वांना कळते. काम वाटते कोण? कामकरी माश्याच एकमेकींना टोचून बाहेर पाठवितात. तरुण माश्या पिल्लांना भरवितात, वय वाढले की बांधकाम, मग लगदा आणणे, शेवटी अन्न आणणे.

राणी काढून घेतली तर? थोड्याच वेळात एक कामकरी एकदम आक्रमक होते आणि सर्वांना रेटू लागते. राणी परत ठेवली की ती पुन्हा निमूट कामाला लागते. नाही ठेवली तर आठवडाभरात ती अंडी घालू लागते आणि तिचा तापटपणा जातो. तिलाही काढले तर तिसरी येते, मग चौथी. बाकीच्या माश्या कोणालाही विरोध करीत नाहीत. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात ही रांग आधीच ठरलेली असते असे दिसले. पाहणाऱ्या माणसाला मात्र पुढची कोण हे आधी ओळखता येत नाही. ना मतदान, ना पॅनल!

आता खरा प्रश्न. दुसरीच्या पिल्लांसाठी ही बाई राबते कशाला? १९६४ मध्ये हॅमिल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने रक्ताचा हिशेब मांडला. गांधील, मधमाशी, मुंगी यांत नर बिनफलित अंड्यातून होतो. त्यामुळे सख्ख्या बहिणींचे रक्त रुपयात बारा आणे जुळते, स्वतःच्या मुलीशी मात्र आठच आणे. मग मुलीपेक्षा बहीण वाढविणे फायद्याचे. हिशेब देखणा आहे, पण आपल्या माशीला तो लागू पडत नाही. तिची राणी एकाहून अधिक नरांशी संग करते, शिवाय राण्या बदलतात. त्यामुळे नाते बारा आण्यांवरून आठ आण्यांच्याही खाली येते.

गदगकरांनी उत्तर वेगळ्या ठिकाणी शोधले. अंड्यापासून माशी व्हायला सुमारे दोन महिने लागतात, आणि कामकरी माशी बहुधा इतकी जगत नाही. काही माद्या एकट्या पोळे मांडतात, पण ती मेली की अर्धवट पिल्ले वाया. पोळ्यात असेल तर तिने चार दिवस भरविलेले पिल्लू तिच्यामागे दुसरी वाढविते, म्हणजे तेवढ्या दिवसांची मेहनत तिच्या खात्यावर जमा राहते. बुडीत आठ आण्यांपेक्षा खात्रीचे चार आणे बरे. शिवाय एकटे ठेवले तर निम्म्याच माद्या अंडी घालू शकतात, त्यामुळे उरलेल्यांना दुसरा मार्गच नाही. आणि रांगेत उभे राहिले तर एखादे दिवशी राणीपदही मिळते. मला स्वतःला हे स्पष्टीकरण हॅमिल्टनच्या हिशेबापेक्षा जास्त पटते, कारण आपल्यातल्या दोन एकरवाल्याने भागभांडवल का भरले, त्याचे कारण नातेगोते नव्हते.

आता शेतापुरते. जाण्यायेण्याच्या वाटेवर, लहान मुलांच्या उंचीवर पोळे असेल तर काढणे भागच आहे. ते अंधार पडल्यावर, अंग पूर्ण झाकून करावे. गवताच्या मांगराला चूड लावू नये. बांधावरचे, उंच वाशाचे पोळे राहू द्यावे आणि टोळी येण्याआधी मुकादमाला जागा दाखवून ठेवावी. काळी, पोटावर पिवळा पट्टा असलेली मोठी गांधील ही वेगळी. ती या छोट्या माश्यांची पोळी लुटून पिल्ले खाते आणि माणसालाही जास्त डसते, तिच्या वाट्याला जाऊ नये. डसल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा दम लागला तर घरगुती उपायात वेळ न घालविता दवाखाना गाठावा.

खोडकिडीसाठी लावतो त्या ट्रायकोकार्डातला ट्रायकोग्रामा हाही याच गणातला, पण एकटा राहणारा. एका कार्डावर सुमारे २० हजार अंडी असतात. कार्ड लावल्यावर लगेच कीटकनाशक फवारू नये, नाहीतर दोन्ही खर्च फुकट जातात.

— ऊस विकास अधिकारी