पेजवर तारीख-वेळ चुकीची दिसते? आधी बघा, घड्याळ कोणाचं आहे



मागच्या व्हिडिओत आपण दुकानाच्या वेबसाइटवर आजची तारीख आणि चालू वेळ दाखवणारी छोटी जावास्क्रिप्ट लावली. दहा-बारा ओळींचं काम आहे, पण बिघडायला तेवढ्या ओळी पुरतात. म्हणून आजचा लेख फक्त दुरुस्तीचा. व्हिडिओ बाजूला उघडा ठेवा, कारण कोडचं नेमकं स्पेलिंग तिथे स्क्रीनवर आहे. इथे कमांडची नावं आपण बोलतो तशी लिहिली आहेत.

एक गोष्ट आधीच सांगतो. घड्याळ नुसतं शोभेसाठी कोपऱ्यात टिकटिक करत असेल, तर सरळ काढून टाका. वेळ प्रत्येकाच्या मोबाइलवर असतेच. पण "आजच्या ऑर्डर संध्याकाळी सहापर्यंत", "दुकान आत्ता उघडं आहे", "डिलिव्हरीची तारीख निवडा" अशा गोष्टी तुम्ही त्या स्क्रिप्टवर चालवत असाल, तर तिथे पैसे आणि शब्द दोन्ही अडकलेले असतात. मग ती नीट चाललीच पाहिजे.

काहीच दिसत नाही

पेज उघडलं आणि घड्याळाची जागा रिकामी. अशा वेळी कोड पुन्हा पुन्हा वाचत बसू नका. कॉम्प्युटरवर पेज उघडून एफ-१२ दाबा आणि कन्सोल बघा. लाल ओळ असेल तर चूक कुठल्या ओळीत आहे तेही तिथेच लिहिलेलं असतं.

"कॅनॉट सेट प्रॉपर्टीज ऑफ नल" असं आलं, तर स्क्रिप्टला तो डबा सापडला नाही. एकतर आयडीचं स्पेलिंग दोन ठिकाणी वेगळं आहे (कॅपिटल आणि स्मॉल अक्षरही जुळावं लागतं), नाहीतर स्क्रिप्ट पेजच्या वरच्या भागात आहे आणि डबा तयार व्हायच्या आधीच चालून गेली. स्क्रिप्ट बॉडी संपण्याच्या अगदी आधी ठेवा, काम झालं.

"अनएक्स्पेक्टेड टोकन" आलं, तर अवतरणचिन्हं बघा. व्हॉट्सअॅपवर किंवा वर्डमध्ये आलेला कोड कॉपी केला की सरळ चिन्हांच्या जागी कधीकधी गोल वळणाची चिन्हं येतात. आपल्याला फरक जाणवत नाही, ब्राउझरला जाणवतो. ती खोडून कीबोर्डने पुन्हा टाइप करा. आणि स्क्रिप्ट नोटपॅडमध्ये वेगळ्या फाइलला सेव्ह केली असेल, तर नावाच्या शेवटी गुपचूप डॉट-टीएक्सटी लागलंय का तेही बघा. विंडोज ते लपवून ठेवतं.

घड्याळ दिसतं, पण थांबलेलं

इथे दोनच संशयित. पहिला, "सेट इंटरव्हल"मध्ये फंक्शनच्या नावापुढे कंस टाकलेत. कंस टाकले की फंक्शन तिथल्या तिथे एकदा चालतं आणि संपतं. नुसतं नाव द्यायचं. दुसरा, "न्यू डेट" ही ओळ फंक्शनच्या बाहेर राहिलीय. मग दर सेकंदाला तीच जुनी वेळ पुन्हा छापली जाते. ओळ आत घ्या. आणि आकडा १००० च हवा, कारण हिशोब मिलिसेकंदात असतो.

तारीख दिसते, पण भलतीच

आता जरा निवांत बसू, कारण इथे कन्सोल गप्प असतो. लाल ओळ नाही, काही नाही, नुसतं चुकीचं उत्तर.

चाचणीला आपल्याला पक्की माहीत असलेली एक तारीख घेऊ. पालघर जिल्हा झाला तो दिवस, १ ऑगस्ट २०१४, शुक्रवार. "गेट मंथ" विचारलं तर उत्तर येतं ७. कारण जावास्क्रिप्ट महिने शून्यापासून मोजते: जानेवारी शून्य, डिसेंबर अकरा. म्हणून दाखवताना एक मिळवायचा आणि आकडे देऊन तारीख बनवताना एक वजा करायचा. २०१४, ८, १ असे आकडे दिलेत तर जिल्ह्याचा वाढदिवस १ सप्टेंबरला जातो. गंमत म्हणजे तारखा मात्र एकपासूनच मोजल्या जातात. वार पुन्हा शून्यापासून, आणि तोही रविवारपासून. आपण वारांची यादी सोमवारपासून लिहिली की शुक्रवारच्या जागी शनिवार छापला जातो आणि "सोमवारी बंद"चा बोर्ड रविवारी लागतो.

वर्षासाठी "गेट इयर" वापरू नका. ते १९०० वजा करून उत्तर देतं, म्हणजे २०१४ ला ११४. जुन्या स्क्रिप्टमध्ये लोक पुढे "१९" चिकटवत असत. मग १ जानेवारी २००० ला कित्येक वेबसाइटवर साल १९१०० झळकलं! "गेट फुल इयर" वापरायचं. हे असं विचित्र का, असं विद्यार्थी विचारतात. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ही भाषा पहिल्यांदा दहा दिवसांत उभी केली, आणि तारखेचा भाग त्या वेळच्या जावा भाषेवरून जसाच्या तसा उचलला. महिना शून्यापासून आणि वर्ष १९०० पासून, हे दोन्ही तिथून आलं. नंतर जगभरच्या पेजवर तेच चालू राहिलं, आता बदलता येत नाही.

यापेक्षा वाईट प्रकार म्हणजे तारीख मजकूर म्हणून देणं. आपण ०१/०८/२०१४ लिहितो आणि एक ऑगस्ट समजतो. ब्राउझर ते अमेरिकन पद्धतीने वाचतो, महिना आधी. त्याच्या मते ही ८ जानेवारी. तुम्ही १५/०८/२०१४ दिलंत तर पंधरावा महिना नसल्यामुळे "इनव्हॅलिड डेट" येतं आणि चूक लगेच कळते. पण महिन्याच्या पहिल्या बारा तारखांना ती कळत नाही, मुकाट्याने उलटी होते. म्हणून चाचणी नेहमी बाराच्या आतल्या तारखेने घ्या. आणि तारीख-महिना एकच असलेला दिवस घेऊ नका, ८/८ सारखा. तो उलटा केला तरी तोच राहतो.

वेळेतही एक खोडी असते. बारा तासांचं घड्याळ करताना "तास १२ पेक्षा मोठा असेल तर पीएम" असं लिहिलं, तर भर दुपारी साडेबाराला एएम दिसतं. रात्री सव्वाबाराला ०:१५. अट "बारा किंवा जास्त" अशी ठेवा. तासाला बाराने भागून बाकी घ्या, आणि बाकी शून्य आली तर बारा लिहा. मिनिटांचा आकडा एक अंकी असेल तर पुढे शून्य लावा, नाहीतर नऊ वाजून पाच मिनिटं ९:५ अशी दिसतात आणि कोणी ते ९:५० वाचतं.

मराठी आकडे हवे असतील तर "टू लोकेल डेट स्ट्रिंग"ला एमआर-आयएन द्या. अंक देवनागरीत येतात, छान दिसतं. मात्र ते फक्त दाखवायला. त्या देवनागरी अंकांवर पुढे बेरीज-वजाबाकी करायला गेलात तर जावास्क्रिप्टला तो आकडाच वाटत नाही.

आपल्याकडे बरोबर, गिऱ्हाईकाकडे चूक

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. वरचं सगळं दुरुस्त केलं, तुमच्या मोबाइलवर सगळं बरोबर दिसतं. तरी ऑर्डरचा घोळ होतो. का?

कारण "न्यू डेट" तुमच्या दुकानातलं घड्याळ बघत नाही. पेज ज्याच्या हातात आहे त्याच्या मोबाइलचं घड्याळ ती बघते, त्याच्या देशाच्या वेळेनुसार.

आपल्या वसईत हा प्रश्न पुस्तकी नाही. किती घरांतली माणसं आखातात आहेत, किती जणांची मुलं ऑस्ट्रेलियात, अमेरिकेत. नाताळात तिकडून ऑनलाइन पैसे भरून इकडे आईवडिलांच्या घरी केक पाठवणारे कमी नाहीत. समजा पापडीत कुणाची बेकरी आहे आणि वेबसाइटवर नियम आहे: उद्याच्या डिलिव्हरीची ऑर्डर आज संध्याकाळी सहापर्यंत. स्क्रिप्ट साधी: तास अठराच्या पुढे गेला की बटण बंद.

२३ डिसेंबर, इथे रात्रीचे आठ. उद्याची यादी झाली, कारागिरांना माल वाटून दिला. कुवेत आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, तिथे साडेपाच. कुवेतमधल्या मुलीला पेजवर "ऑर्डर चालू आहे" दिसतं, ती पैसे भरते. आता २४ तारखेला केक पोचला नाही तर चूक तिची नाही. दुबईहूनही तेच, तिथे दीड तासाचा फरक. इथे साडेसात वाजेपर्यंत त्यांचं बटण चालूच राहणार.

उलट बाजू जास्त त्रासाची, कारण ती दिसतच नाही. डिसेंबरात सिडनी आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे असते. इथे दुपारी साडेबारालाच तिथे संध्याकाळचे सहा. म्हणजे तिकडच्या गिऱ्हाईकाला आपली बेकरी अर्धा दिवस बंद दिसते. तो फोन करत नाही, तक्रार करत नाही, दुसरीकडे जातो. तुम्हाला कळायला मार्गच नाही.

तारखेच्या फॉर्ममध्येही हेच. फॉर्ममधून निवडलेली तारीख २०१४-०८-०१ अशी, मध्ये आडव्या रेघा असलेली येते. ती तशीच "न्यू डेट"ला दिली की ब्राउझर तिला जागतिक वेळेची मध्यरात्र समजतो. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच, तारीख तीच, म्हणून आपल्याला शंका येत नाही. न्यू जर्सीत मात्र आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. तिथून कुणी २४ डिसेंबर निवडलं तर पेज त्याला २३ डिसेंबर छापून दाखवतं. उपाय: त्या मजकुराचे रेघांवरून तीन तुकडे करा आणि वर्ष, महिना वजा एक, तारीख असे तीन वेगळे आकडे द्या.

सहाच्या मर्यादेसाठी माझ्या मते सगळ्यात सरळ उपाय शाळेतल्या गणिताचा आहे. जागतिक वेळेचे तास आणि मिनिटं घ्या ("गेट यूटीसी आवर्स", "गेट यूटीसी मिनिट्स"), सगळ्याची मिनिटं करा आणि ३३० मिळवा. बेरीज १४४० किंवा त्याहून जास्त झाली तर १४४० वजा करा. आली भारताची वेळ, मोबाइल कुठल्याही देशात असो. संध्याकाळचे सहा म्हणजे १०८० मिनिटं. कुवेतचं उदाहरण घ्या: जागतिक वेळ १४:३०, म्हणजे ८७० मिनिटं, अधिक ३३० बरोबर १२००. ते १०८० च्या पुढे, बटण बंद. आपल्याकडे उन्हाळा-हिवाळ्यात घड्याळ मागे-पुढे करत नाहीत, म्हणून ३३० हा आकडा वर्षभर चालतो. अमेरिकेतल्या दुकानदाराला हे जमलं नसतं.

नुसती दाखवायची असेल तर "टू लोकेल स्ट्रिंग"ला टाइमझोन एशिया/कोलकाता द्या. मुंबईचं नाव त्या यादीत शोधू नका, ते नाही. आणि नुसतं आयएसटी लिहू नका, आयर्लंड आणि इस्रायलही तीच तीन अक्षरं वापरतात. तसं मुंबईचं वेगळं घड्याळ खरंच होतं. १ जानेवारी १९०६ पासून देशाची एक प्रमाणवेळ झाली, तरी मुंबईत ३९ मिनिटं मागे असलेला "बॉम्बे टाइम" पुढे कित्येक वर्षं, १९५५ पर्यंत, काही ठिकाणी चालू होता. एकाच शहरात दोन वेळा! तेव्हाही माणसं भेट ठरवताना विचारत असणार, कुठल्या घड्याळाने?

अजून एक घड्याळ राहिलं, सर्व्हरचं. वर्डप्रेस असेल तर सेटिंग्ज, जनरल, टाइमझोन इथे जाऊन कोलकाता निवडा. ते जागतिक वेळेवरच राहिलं असेल तर सकाळी आठची ऑर्डर तुमच्या यादीत पहाटे अडीचची दिसते, आणि पहाटे चारची आदल्या दिवसात जाते. दिवसाचा गल्ला जुळत नाही तेव्हा हे आधी तपासा. शिवाय ऑर्डर घ्यायची की नाही हा शेवटचा निर्णय सर्व्हरवरच ठेवा. मोबाइलचं घड्याळ कोणीही तासभर मागे करू शकतं, आणि गणित बरोबर असलं तरी मग उत्तर चुकतं. पेजवरचं बटण फक्त गिऱ्हाईकाला सांगण्यासाठी.

आता हे तपासायला कुवेतला फोन करायची गरज नाही. क्रोममध्ये एफ-१२ दाबा, तीन टिंबांच्या मेन्यूत मोअर टूल्स, त्यात सेन्सर्स. तिथे लोकेशनमध्ये शहरांची यादी आहे. शहर निवडून पेज रिफ्रेश केलं की ब्राउझर स्वतःला त्या शहरात समजतो. चाचण्या दोन घ्या. इथे संध्याकाळी सात वाजता बर्लिन निवडा: तिथे दुपार असते, तरी तुमच्या पेजवर ऑर्डर बंदच दिसली पाहिजे. दुसरी, इथे दुपारी चारला टोकियो: तिथे साडेसात वाजलेले असतात, पण ऑर्डर चालू दिसली पाहिजे. एकच चाचणी घेऊन थांबू नका. बटण कायमचं बंद पडलेलं असलं तरी बर्लिनची चाचणी पास होते.