उंच आंब्यावर पाळण्यातून काम करताना आधी जमीन पाहा



जुन्या हापूस कलमांची छाटणी करणे, बांडगुळे काढणे किंवा शेंड्याची फळे उतरविणे यासाठी हायड्रॉलिक पाळणा भाड्याने आणला, तर शिडीपेक्षा काम पुष्कळ सोपे होते. परंतु रत्नागिरी-सिंधुदुर्गातील उताराच्या बागेत हे यंत्र जपूनच उभे करावे लागते. ते उलटण्याचे एक मोठे कारण म्हणजे एखाद्या आधारपायाखालची जमीन खचणे.

हिशोब करून पाहा. दोन पायांत 2 मीटर अंतर आहे आणि त्यांपैकी एक पाय 10 सेंटिमीटर खचला, तर 10 मीटर उंचीवरील पाळणा सुमारे अर्धा मीटर बाजूला झुकतो. खाली वीतभरही न वाटणारी चूक वर जिवावर बेतते.

बागेत जमीन कोठे फसवी असते? लागवडीच्या वेळी 1 मीटर लांब, रुंद व खोल खड्डे काढून मातीने भरलेले असतात. मेलेल्या कलमांचे असे खड्डे वरून दिसत नाहीत. खताचे चर झाडाच्या विस्ताराखाली गोलाकार काढलेले असतात आणि नेमका तेथेच यंत्राचा पाय येतो. वारुळे, पाइपांचे चर आणि गडग्याची कड हीही तशीच ठिकाणे. म्हणून आदल्या दिवशी पहार घेऊन पायांच्या जागा ठोकून पाहाव्यात. पहार सहज आत गेली तर ती जागा सोडावी. मालकाने हे स्वतः करावे, कारण यंत्रचालकाला तुमची बाग ठाऊक नसते.

प्रत्येक पायाखाली जाड, न तडकलेली फळी द्यावी. 20 सेंटिमीटर चौरस पायाखाली 60 सेंटिमीटर चौरस मजबूत फळी दिल्यास भार नऊपट जागेवर पसरतो. कातळावर मात्र फळी घसरते, तेव्हा खालची बारीक खडी झाडून घ्यावी. चाकांना ठोकळे लावावेत व पाणसळ ठेवून यंत्र समपातळीत आणावे. पाऊस पडून गेल्यावर सर्व पाय पुन्हा तपासावेत.

एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाताना पाळणा खाली घेऊन माणसे उतरवावीत. वेळ वाचविण्यासाठी तसेच पुढे नेले आणि चाक खड्ड्यात गेले, तर वरच्याला गोफणीसारखा झटका बसतो. अंगभर बसणारा सुरक्षा पट्टा पाळण्याच्या कडीलाच अडकवावा, फांदीला कधीही नाही.

वजनाकडेही लक्ष द्यावे. क्षमता 200 किलो असेल आणि दोन माणसांचे वजन 130 किलो भरत असेल, तर 70 किलोच उरतात. म्हणजे 20 किलोचे तीन क्रेट व थोडी अवजारे. तोडलेली जड फांदी पाळण्यावर टेकू देऊ नये, ती दोराने वेगळी उतरवावी.

विजेच्या तारांपासून निदान 3 मीटर दूर राहावे. यंत्राच्या पुस्तिकेत जास्त अंतर दिले असल्यास ते पाळावे. ओली फांदीही वीज वाहून नेते. बागेवरून तार जात असेल, तर महावितरणकडून पुरवठा बंद करून घेतल्याखेरीज तेथे काम काढू नये.

इंजिन बंद पडल्यास पाळणा हाताने खाली घेण्याची कळ कोठे आहे, हे खाली थांबणाऱ्या गड्याला सकाळीच दाखवावे व त्याच्याकडून एकदा करवून घ्यावे.